निर्दोष सुटली, तरी दाखल्यावर गुन्हा कसा?

टेबलावर तिनं दोन कागद ठेवले. पहिला पोलिसांचा. ‘सदर महिलेविरुद्ध गु.र.नं. अमुक, भादंवि कलम ४९८ अ, ३२३, ५०४ सह ३४ अन्वये गुन्हा दाखल असून प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’ (गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर. भादंवि म्हणजे पूर्वीचं भारतीय दंड विधान, त्यातलं ४९८ अ हे सासरच्या छळाचं कलम.) दुसरा कोर्टाच्या निकालाचा, दुधाच्या पिशवीत घडी घालून जपलेला. शेवटच्या पानावर एकच ओळ महत्त्वाची: सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता. आणि या दुसऱ्या कागदावरची तारीख पहिल्याच्या चार वर्षं आधीची.

बाई एका पाळणाघरात काम करते. सकाळी साडेआठला अकरा पोरं येतात. कुणाला वरणभात भरवायचा, कुणाला दुपारी थोपटल्याशिवाय झोप लागत नाही, हे तिला पाठ. जूनमध्ये संचालिकेनं सगळ्यांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला आणि हा कागद हातात आला. “मॅडम, मी सुटलेय ना? मग हे अजून कसं लिहितात?”

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की एकदा सगळं सविस्तर लिहून टाकावं म्हटलं. (बाईची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) छोटं उत्तर असं: कोर्टाचा निकाल स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात चालत जात नाही. कुणीतरी तो न्यावा लागतो. बहुतेक वेळा तो आपल्यालाच न्यावा लागतो.

आता मोठं उत्तर.

दाखला मागतात तो उगाच नाही

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातलं सीसीटीव्ही चित्रण बाहेर आलं. दहा महिन्यांच्या बाळाला आया मारतेय, आपटतेय. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्यानं अत्याचार केल्याची तक्रार झाली, लोक रेल्वेरुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. आरोपी कंत्राटी पद्धतीनं, जेमतेम काही दिवसांपूर्वी कामाला लागलेला होता.

त्या आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी, २१ ऑगस्टला, राज्याच्या शिक्षण विभागानं शासन निर्णय काढला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांबरोबर त्यात कर्मचाऱ्यांची पडताळणीही आली. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, मदतनीस, स्कूलबसचे चालक असे कंत्राटी किंवा बाहेरच्या एजन्सीचे लोक घेण्याआधी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी अहवाल घ्यायचा.

हा निर्णय शाळांपुरता आहे. पण केंद्राचा नियम त्याच्याही आधीचा आणि जास्त व्यापक आहे. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा. त्याखालचे नवे नियम ९ मार्च २०२० ला आले. त्यातला नियम ३ सांगतो की शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी किंवा मुलांशी नियमित संबंध येणारी कुठलीही संस्था असो, तिनं प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करायची. शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी. आणि ती ठरावीक काळानं पुन्हा करायची. हा ‘पुन्हा’ बहुतेक संस्था विसरतात. नोकरीला लागताना घेतलेला दाखला फायलीत पिवळा पडतो आणि तोच दहा वर्षं चालवतात.

म्हणजे संचालिकेचं काही चुकलं नव्हतं. माझ्याकडे आलेली बाईही तसं म्हणत नव्हती. “माझी नात कुठं ठेवायची असती तर मीपण मागितला असता,” असं तीच म्हणाली.

दाखल्यात नेमकं काय दिसतं

आपण अर्ज करतो, हल्ली बहुतेक ऑनलाइन. तो पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयातून राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यात येतो. ठाण्यातला अंमलदार नाव घेऊन दोन ठिकाणी शोधतो: संगणकावरच्या सीसीटीएनएस प्रणालीत (देशभरातली पोलीस ठाणी जोडणारी गुन्ह्यांची नोंद) आणि ठाण्यातल्या रजिस्टरांत. जे सापडतं ते अहवालात उतरतं. एवढंच.

त्यामुळे दाखला दोन्ही बाजूंनी फसवू शकतो. ज्या माणसाविरुद्ध कधी कुणी तक्रारच दिली नाही, त्याचा दाखला कोरा येणार. मुलांना त्रास देणारे बहुसंख्य लोक याच गटात असतात, कारण मुलं बोलत नाहीत आणि मोठी माणसं दाबतात. उलट ज्याचं नाव रजिस्टरात एकदा आलं, त्याचं पुढं काय झालं हे रजिस्टरात लिहिलेलं असेलच असं नाही.

आणि नावांचा गोंधळ तर विचारू नका. एका तालुक्यात एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले, एकाच आडनावाचे दोन पुरुष सहज निघतात. बायकांचं आणखी वेगळं. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, आधारवरचं नाव आणि फिर्यादीत भावजयीनं सांगितलेलं घरातलं नाव. चार नावांची एक बाई होते, कधी एका नावाच्या चार बाया. जन्मतारीख आणि पत्ता जुळवून पाहिल्याशिवाय कुठल्याही नोंदीवर विश्वास ठेवू नये. दाखल्यावर आपल्या नावापुढं दुसऱ्याचा गुन्हा आला असेल तर घाबरून वकील शोधण्याआधी आधार, जन्मदाखला आणि त्या काळातल्या पत्त्याचा पुरावा घेऊन लेखी अर्ज करा. ही सगळ्यात सोपी दुरुस्ती आहे.

यासोबत एक यादी बरेच जण ऐकून असतात, लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी. ती २०१८ पासून आहे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असते आणि ती फक्त पोलीस व तपास यंत्रणांना पाहता येते. पाळणाघराच्या संचालिकेला ती उघडता येत नाही. तिच्या हाती येतो तो पोलिसांचा कागदच.

‘गुन्हा दाखल’ म्हणजे गुन्हा केला असं नव्हे

इथं जरा थांबायला हवं, कारण सगळा घोळ शब्दांचा आहे. गावात एकच वाक्य चालतं: “तिच्यावर केस आहे.” कायद्यात त्या ‘केस’चे अर्धा डझन प्रकार होतात आणि प्रत्येकाचं वजन वेगळं.

सगळ्यात हलकं म्हणजे एनसी, अदखलपात्र नोंद. नळावरची भांडणं, शिवीगाळ. पोलीस ते रजिस्टरात लिहून घेतात, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्याचा तपाससुद्धा करू शकत नाहीत. मग येते चॅप्टर केस. निवडणूक, गणपती किंवा भाऊबंदकीचा बांध तापला की पोलीस दोन्ही बाजूंच्या लोकांना बोलावून ‘शांतता राखीन’ असा बाँड लिहून घेतात. पूर्वीच्या दंड प्रक्रिया संहितेतलं कलम १०७, आताचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं १२६. ही प्रतिबंधक कारवाई आहे, यात कुणी दोषी ठरत नाही. तरीही मी दाखल्यावर चॅप्टर केस लिहिलेली पाहिली आहे, आणि ती वाचून एका बालवाडीनं मदतनीस बाईला ‘गुन्हेगार’ म्हणून परत पाठवलेलंही.

त्यावरची पायरी एफआयआर. इथं गु.र.नं. पडतो. एफआयआर म्हणजे कुणीतरी सांगितलेली गोष्ट पोलिसांनी लिहून घेतली, बस. त्यापुढं दोन वाटा. तपासात पुरावा मिळाला तर दोषारोपपत्र. नाही मिळाला तर समरी. ही समरी आपल्या महाराष्ट्राची खास भाषा. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. ‘ब’ समरी म्हणजे तक्रारच खोटी, द्वेषानं केलेली. ‘क’ समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. पोलिसांनी समरी पाठवली की काम संपलं असंही नाही. ती दंडाधिकाऱ्यांनी मंजूर करावी लागते आणि त्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८५ मध्येच सांगितलंय. अनेक जण ‘ब समरी झाली’ म्हणून निवांत बसतात आणि ती मंजुरीविना कोर्टात तशीच पडून असते. मग दाखल्यावर ‘तपासावर’ किंवा ‘न्यायप्रविष्ट’.

दोषारोपपत्र गेलं, पण त्यात खटला चालवण्याइतकंही काही नाही असं न्यायाधीशांना वाटलं तर ते आरोपीला खटला न चालवताच सोडतात. खटला चालून दोष सिद्ध झाला नाही तर निर्दोष मुक्तता. तडजोडीला पात्र गुन्हा कोर्टासमोर मिटवला तर त्याचाही परिणाम कायद्यानं निर्दोष मुक्ततेचाच. आणि उच्च न्यायालयानं गुन्हाच रद्द केला तर त्यातली कारवाई मुळापासून संपते.

आता आपल्या बाईची ‘केस’ काय होती? भावाचं लग्न मोडलं. भावजयीनं फिर्याद दिली: नवरा, सासू, सासरे आणि नणंद. ही नणंद लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात नांदत होती. फिर्यादीत तिच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं: ‘नणंद सणावाराला येऊन टोमणे मारीत असे.’ त्या एका वाक्यावर सहा वर्षं तारखा. ४९८ अ हा कायदा (आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५) गरजेचा आहे, छळ सोसणाऱ्या कितीतरी जणींना त्याचाच आधार आहे. पण सगळ्या सासरला एका दावणीला बांधायची सवयही खरी आहे. नेमका आरोप नसताना नातेवाइकांना ओढू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ पासून पुन्हा पुन्हा बजावलंय.

कागद साफ कसा करायचा

एक कटू गोष्ट आधीच सांगते. जुन्या गुन्ह्याची नोंद ठरावीक वर्षांनी आपोआप पुसली जावी असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये १९७४ पासून तसा कायदा आहे. आपल्याकडे ज्या सोयी आहेत त्या तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेल्या.

खटला अजून संपला नसेल आणि आरोप वाचूनच पोकळ वाटत असेल, तर वाट उच्च न्यायालयाची. दंड प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम ४८२, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेतलं ५२८. भजनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये सात प्रसंग सांगितले, ज्यांत गुन्हा रद्द करता येतो. उदाहरणार्थ, फिर्याद जशीच्या तशी खरी मानली तरी गुन्हा बनत नाही, किंवा ती उघडउघड सूड उगवायला केलेली आहे. ही वाट पूर्वी कोल्हापूर, सांगलीकडच्या माणसाला मुंबई गाठायला लावायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गासह सहा जिल्ह्यांची ती पायपीट वाचली.

वकिलाच्या फीची धास्ती असेल तर हे जरूर वाचा: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कुठलीही स्त्री मोफत वकिलाला पात्र आहे, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातच समितीचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. पाळणाघर, अंगणवाडी, बालवाडी हे सगळं क्षेत्र बायकांचं, आणि तरी हा हक्क माहीत असणारी मला दहांत एखादी भेटते.

खटला संपला असेल तर वाट कोर्टाची नसून टेबलांची आहे. आमच्या बाईचं काय केलं ते सांगते, कारण नव्वद टक्के काम याच पद्धतीनं होतं.

आधी ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक काढला. तिथं ‘निकाली’ स्पष्ट दिसत होतं. मग नक्कल विभागात अर्ज टाकून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घेतली. घरात असते ती बहुधा झेरॉक्सची झेरॉक्स, ती चालत नाही. अपिलाची मुदत संपली आहे आणि अपील झालेलं नाही हे तपासलं. मग ज्या ठाण्यात गुन्हा दाखल होता त्या ठाण्याच्या प्रभारी निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज: गु.र.नं., खटला क्रमांक, निकालाची तारीख, ‘आपल्या अभिलेखात निकालाची नोंद घ्यावी व अद्ययावत अहवाल द्यावा’. सोबत नक्कल. दोन प्रती न्यायच्या, दुसरीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे.

खरं तर हे काम ठाण्याच्या कोर्ट पैरवी अंमलदाराचं, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या पोलिसाचं. निकाल लागला की त्यानं तो ठाण्याला कळवायचा आणि रजिस्टरात चढवायचा. पण अंमलदार बदलतो, बंदोबस्त लागतो, निकाल कोर्टाच्या गठ्ठ्यात राहतो. कुणी मुद्दाम केलेलं नसतं. म्हणूनच कुणावर चिडूनही काही होत नाही. अर्जाला उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून विचारा की माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. तीस दिवसांची मुदत असते. ही दुसरी चिठ्ठी गेली की पहिलीचा शोध लागतो, असा माझा अनुभव.

अटकेच्या वेळी बोटांचे ठसे, फोटो घेतले असतील तर त्याची तरतूद वेगळी. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं असे ठसे ७५ वर्षं ठेवता येतात. पण आधी कधी कैदेच्या शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी न ठरलेला माणूस खटल्याविना सुटला किंवा निर्दोष ठरला, आणि वरची सगळी अपिलं संपली, तर ते नष्ट करायचे, असं त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. कोर्टानं लेखी कारण देऊन वेगळा आदेश दिला असेल तर गोष्ट निराळी. हेही मागितल्याशिवाय होत नाही.

अठरा वर्षांच्या आत घडलेल्या गोष्टीसाठी कायदा सगळ्यात उदार आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: मुलाचं प्रकरण बंद किंवा निकाली झालं असेल तर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी त्याची कसलीही नोंद उघड करायची नाही. कलम २४ त्याहून पुढं जातं, मोजके गंभीर अपवाद सोडून ती नोंदच नष्ट करायला सांगतं. सोळाव्या वर्षी कॉलेजच्या मारामारीत सापडलेल्या पोराला पंचविसाव्या वर्षी क्रीडा अकादमीत नोकरी मिळताना ती मारामारी दाखल्यावर आली, तर चूक दाखला देणाऱ्याची. तशीच एक कमी वापरली जाणारी सोय प्रोबेशनची. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली कोर्टानं ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं असेल, तर त्या दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता लागू होत नाही.

फॉर्मवर ‘नाही’ लिहू का?

हा प्रश्न हळू आवाजात येतो. ‘आपणाविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ या रकान्यासमोर पेन अडतं.

लिहू नका ‘नाही’. प्रश्न ‘दाखल झाला होता काय’ असा असेल तर उत्तर ‘होय, निर्दोष मुक्तता, दिनांक अमुक, नक्कल सोबत’. प्रश्न ‘शिक्षा झाली आहे काय’ असा असेल तर उत्तर खुशाल ‘नाही’, कारण झालेलीच नाही. प्रश्न नीट वाचा. अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सरकारी नोकरीच्या संदर्भात हेच सांगितलं: दिलेली माहिती खरी असली पाहिजे, जे विचारलंय ते लपवू नये. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. क्षुल्लक प्रकरणातलं लपवणं मालक दुर्लक्षू शकतो, आणि २०२२ च्या आणखी एका निकालानं सांगितलं की लपवलं म्हणून डोळे मिटून काढून टाकायचं नसतं, प्रकरण काय होतं ते पाहायचं असतं. पण कोर्टात जाऊन नोकरी परत मिळवण्यापेक्षा एक ओळ खरी लिहिणं स्वस्त.

आता संचालिकेच्या खुर्चीत बसून पाहू

इथं माझी अडचण होते, ती लपवत नाही. निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाला मुलांजवळ ठेवा, असं मी म्हणू शकत नाही. मुलावरच्या अत्याचाराचा खटला, मुलाच्या आईबापांना पैसे देऊन किंवा धाक घालून साक्ष फिरवलेली, आणि संशयाचा फायदा मिळून सुटका. असे निकाल मी वाचलेत. कागदावर तोही ‘निर्दोष’ आणि आमची बाईही ‘निर्दोष’.

राजस्थानातल्या एका शिक्षकावर विद्यार्थिनीशी अश्लील वर्तन केल्याचा गुन्हा होता. मुलीच्या घरच्यांशी तडजोड झाली आणि उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२४ ला तो निकाल फिरवला: असा गुन्हा दोन कुटुंबांतलं खासगी भांडण नाही, तो समाजाविरुद्धचा आहे, तडजोडीनं मिटत नाही. मला हा निकाल योग्य वाटतो.

हाच पेच ब्रिटनमध्ये अगदी उघडपणे लढला गेला. २००२ मध्ये सोहम गावात दोन दहा वर्षांच्या मुलींचा शाळेच्या केअरटेकरनं खून केला. त्याच्याविरुद्ध दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडं पूर्वी अनेक तक्रारी आल्या होत्या, शिक्षा एकाही लैंगिक गुन्ह्यात नव्हती, आणि ती माहिती नेमणूक करणाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. चौकशी झाली, पडताळणीची सगळी पद्धत बदलली. आज तिथं डीबीएसच्या (पूर्वेतिहास तपासून दाखला देणारी सरकारी संस्था) वरच्या पातळीच्या तपासणीत शिक्षा नसलेली माहितीही, पोलीस अधिकाऱ्याला ती संबंधित वाटली तर, दाखल्यावर येऊ शकते. मग २०१८ मध्ये उलट टोकाचं प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापुढं आलं. शिक्षकाची पात्रता असलेला एक माणूस, बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सुटलेला, आणि तरी दाखल्यावर तो आरोप. न्यायालयानं पोलिसांचं कृत्य बेकायदा ठरवलं नाही, पण असा कागद हाती आल्यावर मालकानं काय करावं याचं कुठंच मार्गदर्शन नाही, याबद्दल चिंता मात्र नोंदवली.

तर संचालिकेनं काय करायचं? माझं मत विचाराल तर दाखल्याचा शेवटचा शब्द वाचू नका, निकाल वाचा. आरोप कशाचा होता? मुलांशी त्याचा काही संबंध? सुटका कशी झाली, आरोपच पोकळ होता म्हणून की साक्षीदार फितूर झाले म्हणून? ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ असा शब्द आपल्या फौजदारी संहितेत नाहीच, तो नोकरीच्या वादांतून आला. आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं की निकालातला शब्द न पाहता त्यातलं सार पाहावं. नणंदेच्या टोमण्यांचा गुन्हा आणि लहान मुलीच्या विनयभंगाचा गुन्हा एकाच शिक्क्याखाली टाकणारी संस्था पहिल्या बाईवर अन्याय करते, आणि दुसऱ्याला ओळखायची सवयही घालवून बसते.

आमच्या बाईच्या निकालातही गंमत होती. भावजय कोर्टात आली, ‘आमची फारकत झाली, मला आता काही म्हणायचं नाही’ म्हणाली. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तीही फितूरच. मी संचालिकेसमोर निकालाचं ते पान उघडून ठेवलं आणि शेजारी फिर्यादीतलं ते एक वाक्य. लपवण्यासारखं काही नव्हतं.

गुगलवरचं नाव

पोलिसांचा कागद दुरुस्त झाला तरी इंटरनेट उरतंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार पोलीस एफआयआर संकेतस्थळावर टाकतात. लैंगिक गुन्हे, पोक्सोसारखी संवेदनशील प्रकरणं वगळून. एफआयआर लगेच चढतो, निकाल मात्र त्याच्याशेजारी येऊन बसत नाही. शहरातल्या महागड्या डे-केअर साखळ्या आणि आया पुरवणाऱ्या एजन्सी खासगी कंपन्यांकडून पडताळणी करून घेतात, आणि त्यांचा शोध बराचसा नावावरच चालतो.

दिल्ली उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीचा निकाल गुगलच्या शोधातून काढायचा अंतरिम आदेश दिला होता. पण त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयानं तशाच मागणीला नकार दिला. विसरलं जाण्याचा हक्क आपल्याकडं अजून असा डगमगता आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा चुकीची माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. तोवर एजन्सीला लेखी विचारा: माझ्याबद्दल काय सापडलं, कुठून सापडलं. आणि निकालाची नक्कल सोबत जोडा.

परदेशी जाणाऱ्यांचं वेगळं. लंडन किंवा मेलबर्नला शाळेत, नर्सरीत काम शोधणाऱ्या मराठी मुलींकडे भारतातलं पोलीस क्लिअरन्स मागतात, आणि ते पासपोर्ट कार्यालयातून किंवा तिथल्या वकिलातीतून निघतं. मागची पडताळणी मात्र पुन्हा आपल्याच गावच्या ठाण्यात येते, त्याच रजिस्टरापाशी. तिथून दुरुस्ती करायला निघालात तर महिने जातात. विमानाचं तिकीट काढण्याआधी एकदा दाखला काढून बघा.

आमच्या बाईला नवा कागद सात आठवड्यांनी मिळाला. कोरा नव्हता. ‘सदर महिलेविरुद्ध गु.र.नं. अमुक अन्वये गुन्हा दाखल होता, मा. न्यायालयाने दिनांक अमुक रोजी निर्दोष मुक्तता केली आहे. सद्यःस्थितीत प्रलंबित प्रकरण नाही.’ ‘आहे’चं ‘होता’ झालं होतं. तिनं ते दोनदा वाचलं, मग समोरच्या दुकानातून पाच झेरॉक्स काढून आणल्या. एक संचालिकेला, एक एजन्सीला, एक माझ्या फायलीत. उरलेल्या दोन तिनं त्याच दुधाच्या पिशवीत घातल्या. “एक गावच्या पत्त्यावर पाठवते,” म्हणाली, “भावजयीला. तिलाही नवीन ठिकाणी नोकरी लागतेय अंगणवाडीत, तिच्याही नावाचा उलटा गुन्हा टाकला होता आमच्याकडच्यांनी. कसा अर्ज करायचा ते बघून घेईल.”